लॅपटॉप बंद होत नाही, त्याबद्दल आक्काला

घोडेगाव, बाजाराचा दिवस, दुपार

तीर्थस्वरूप आक्काच्या पायांशी धाकट्या आसारामचा दंडवत.

खोकला गेला का? पुणतांब्यात ऊन किती आहे, काळी शेळी व्याली की अजून वाट बघायला लावतेय, आणि कानातलं मशीन कानात असतं की अजून मिसरीच्या डबीशेजारी फळीवर? (ते फळीवरच असणार, म्हणून फोन न करता पत्र लिहितोय. मागच्या वेळी दिपालीची बातमी मी फोनवर इतकी ओरडून सांगितली की तुझ्याआधी आमच्या अख्ख्या आळीला कळली, आणि तू सगळं ऐकल्यासारखं करून 'बरं, जेवलास का' म्हणून फोन ठेवलास.) पत्र तुला तुझी सून ज्ञानेश्वरी वाचून दाखवेल. सूनबाई, सावकाश वाच. मध्येच थांबून तोंडाला पदर लावू नकोस, आक्का लगेच घाबरते. घाबरण्यासारखं काहीही झालेलं नाही.

झालंय ते एवढंच. आपली दिपाली परवापासून नगरच्या दवाखान्यात आहे. दिवस भरत आलेत, बीपी वाढलंय, पाय सुजलेत, आणि मघाशी तिला ऑपरेशनच्या खोलीत घेतलंय. डॉक्टरीणबाई परवा म्हणाल्या, काळजीचं कारण नाही. हे वाक्य त्या दोनदा म्हणाल्या. एकदाच म्हणाल्या असत्या तर माझा विश्वास बसला असता. पण आक्का, मी हे पत्र तिच्याबद्दल लिहीत नाही. तिच्याबद्दल लिहायला घेतलं की पेन एका जागी थांबतं आणि कागदावर शाईचा ठिपका मोठा होत जातो (वर डाव्या कोपऱ्यात आहे तो तोच). मी लिहितोय तिच्या लॅपटॉपबद्दल. तो बंद होत नाही.

बसलोय कुठं, तर आप्पासाहेबांच्या दूध केंद्रात, दुधाची फॅट काढायच्या टेबलाशी. फॅटच्या मशीनची पिन काढून तिथं लॅपटॉपची वायर खोचली आहे. भोवती रिकाम्या किटल्या, अंगाला दुधाचा आंबूस वास, आणि आप्पासाहेब दारात उभे राहून माझ्याकडं बघतायत. एरवी पेंडीच्या दुकानात गिऱ्हाइकाला उभं करून गप्पा मारणारा माणूस इथं लॅपटॉप पुढ्यात घेऊन का बसलाय, हे त्यांना कळत नाही. खरं सांगायचं तर मलाही नीट कळत नाही, पण लिहिता लिहिता कळेल असं वाटतं. पत्र तुमच्याच गावच्या भिमाजीबरोबर पाठवतोय. त्यानं आज बाजारात गाय घेतली, ती टेम्पोत चढवली की तो निघणार आहे. तेव्हा मला हात उचलून लिहायला हवं.

तुला आठवत असेल, सातव्या महिन्यात विहीणबाईंनी (म्हणजे मिरजगावच्या भागूबाई, दिपालीच्या सासूबाई) किती समजुतीनं म्हटलं होतं की बाळंतपण आमच्याकडं होऊ द्या. दिपालीची आई मनकर्णा गेल्यापासून तुमच्या घरात बाईमाणूस नाही, पोरीचे हाल होतील. त्यात टोमणा नव्हता, मला तेवढं कळतं. पण मी एकदम ताठ झालो. म्हटलं, पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, ही रीत काय मी काढलेली नाही. तूही तेव्हा विहीणबाईंचीच बाजू घेतली होतीस आणि मी तुझ्याशी महिनाभर नीट बोललो नव्हतो. मग मी तयारीला लागलो. बाज नवीन विणून घेतली. शेगडी आणली, कोळसे आणले. डिंक, अळीव, खारीक, बाळंतशेपा, दुकानदार म्हणेल ते घेतलं (काही पुड्यांत काय आहे ते मला अजून माहीत नाही). तुळईला पाळण्याचा आकडा ठोकला आणि त्याला स्वतः लोंबकळून बघितलं. घरात सगळं आहे, आक्का. नाही ती फक्त सगळं ठाऊक असलेली बाई. शेजारच्या बनुबाई सकाळ-संध्याकाळ येऊन भाकरी-कालवण करून जातात, दिपालीचं डोकं चोळून देतात, पण त्यांच्याही घरी गोठा आहे, नातवंडं आहेत.

दिपाली इथं येऊनही ऑफिसचं काम करत होती. विमा कंपनीवर चिडलेल्या माणसांच्या तक्रारी वाचायच्या आणि त्यांना गोड उत्तरं लिहायची, असं काहीतरी तिचं काम आहे. बाजेवर पाय पसरून, मांडीवर उशी, उशीवर लॅपटॉप. परवा दुपारी ती म्हणाली, नाना, डोळ्यांपुढं काजवे चमकतायत. मी म्हटलं, त्या पडद्याकडं बघून बघून होतंय. विहीणबाई त्याच दिवशी लाडवांचा डबा घेऊन भेटायला आल्या होत्या. त्यांनी दिपालीच्या पायावर बोट दाबलं. बोट उचललं तरी खळगा तसाच राहिला. त्या खळग्याकडं बघून त्या इतक्या शांतपणे 'गाडी काढा' म्हणाल्या की मी काही विचारायचं सोडून गाडी बघायला पळालो. मी काजव्यांना पडद्याचं कारण देऊन मोकळा झालो होतो. त्या नसत्या आल्या तर काय झालं असतं, हा विचार मी करत नाही. तो आपोआप होतो.

दवाखान्यात मी फार चांगला वागलो नाही. तिच्या उशाशी एक मशीन होतं, त्यावर बाळाचे ठोके ऐकू येत. ते जरा संथ झाले की मी सिस्टरला बोलवायचो, जरा जलद झाले की पुन्हा बोलवायचो, आणि नीट चालले तरी 'नीट चाललेत ना' म्हणून विचारायला जायचो. सिस्टर मला बघून वाट बदलायला लागल्या. शेवटी विहीणबाई मला बाहेर घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "व्याही, तुमी घरी जावा. तुमच्या तोंडाकडं बघून पोरीचं बीपी वाढतंय." मी म्हटलं, मी बाप आहे. त्या म्हणाल्या, "म्हणून तर म्हनते." जावईबापू, भागवतराव, पुण्याहून निघाले होते, आणि त्या स्वतः राहणारच होत्या. तेवढ्यात आतून दिपालीनं हाक मारली. हाताला सलाईन, ओठ कोरडे. म्हणाली, "नाना, घाईत लॅपटॉप तसाच चालू राहिलाय. ऑफिसचा हाय. तापला तर पेट घील. तेवढा नीट बंद करून या. तुमच्याबिगर कोन करनार?" पोरगी त्या अवस्थेत पडलेली आणि बापाला एकच काम सांगतेय. मी म्हटलं, झालं समज. आणि एस.टी.त बसून घरी आलो. सगळ्या वाटेनं मला वाटत होतं की एवढं एक काम मी नीट केलं की पुढचं सगळं नीट होईल. असं का वाटलं ते विचारू नकोस.

बंद कसा करायचा ते तिनं मला मागं शिकवलं होतं. खालच्या चार खिडक्यांवर बाण न्यायचा, मग गोल खुणेवर, मग जे शब्द येतील त्यांतल्या मधल्यावर. मी चपला काढून, हात धुऊन बसलो. बाण नेला. दाबलं. पडदा काळा झाला. मी 'झालं' म्हणून उठलो, तर कडेचा बारीक पांढरा दिवा लागलेलाच. आणि कान देऊन ऐकलं तर आतून घूं घूं चाललेलं. माझ्या दुकानात बाजारची माणसं येतात, मला जनावराच्या कुशीला हात लावून ते आजारी आहे का ते सांगता येतं. मी लॅपटॉपच्या पोटाखाली हात लावला. ते तापलं होतं. (बनुबाईंच्या सांगण्यावरून आता मी त्या दिव्याबद्दल बोलताना वाईट शब्द वापरत नाही, त्याचं कारण पुढं येईल.)

मग मी तो पुन्हा नीट बंद करावा म्हणून झाकण मिटून उघडलं. पडदा निळा झाला आणि त्यावर इंग्रजीत अक्षरं आली. मी दहावी पास आहे, एकेक अक्षर लावून वाचलं. त्याचं म्हणणं असं की आत काम चालू आहे, तेव्हा मला बंद करू नका. खाली ठिपके गोल गोल फिरत होते. आता तूच सांग. दिपाली म्हणते बंद करा. लॅपटॉप म्हणतो बंद करू नका. मी हात जोडून बसलो. ठिपके फिरत राहिले, फिरत राहिले, मी चहा केला, तो ठिपक्यांकडं बघत गार केला, आणि पडदा पुन्हा काळा झाला, दिवा मात्र तसाच. घूं घूंही तसंच. झाकण लावलं, तसंच. वायर काढली, तसंच. वायर लावली, तसंच. काल सकाळपर्यंत मी त्याला एवढ्या वेळा उघडमिट केलं की तो बिचारा कंटाळून बंद व्हायला हवा होता.

काल मी स्टँडवरच्या कानिफनाथाला बोलावून आणलं. त्याचं मोबाईलचं दुकान आहे, आणि तो काहीही सांगताना आधी मान हलवतो. त्यानं मान हलवली, लॅपटॉप कानाशी धरला, पाठीवर टिचकी मारली आणि म्हणाला, "काका, आत प्रेशर हाय. बॅटरी फुगली तर फुटती. लांब ठिवा." आणि दुसरं काही न करता निघून गेला. आक्का, 'प्रेशर' आणि 'फुगली' हे शब्द मी परवा दवाखान्यात ऐकले होते. ते आता माझ्याच ओसरीवर पुन्हा ऐकू आले. मग मात्र मी वेळ घालवला नाही. वायर काढली, कडब्यापासून लांब, लिंबाखाली घमेल्यात वाळू भरून त्यावर लॅपटॉप ठेवला. वासरू चाटायला आलं म्हणून वर कोंबड्यांचं डालगं पालथं घातलं. आतून घूं घूं ऐकू आल्यावर कोंबड्या डालग्याभोवती येऊन माना वाकड्या करून उभ्या राहिल्या, आणि मी काठी घेऊन त्यांच्यात. रस्त्यानं जाणाऱ्यांना मी सांगत होतो की खुडूक कोंबडी बसवलीये. दर थोड्या वेळानं डालगं उचलून बघायचो. फुगलाय का? नाही. मग फोनकडं बघायचो. फोन आलाय का? नाही. काल अख्खा दिवस मी हेच केलं. दुकान उघडलं नाही.

काल संध्याकाळी भागवतरावांचा फोन आला. दिपाली झोपलीये, बीपी गोळ्यांना दाद देत नाही, उद्यापर्यंत वाट बघू म्हणाले. पोरीचं आणखी काही विचारायची हिंमत होईना, म्हणून मी लॅपटॉपचं विचारलं. ते मनानं फार चांगले आहेत, आक्का. अशा वेळीही त्यांनी नीट समजावलं. म्हणाले, नाना, सोपं आहे. वरचं बटण दाबायचं आणि सोडायचं नाही. दाबूनच धरायचं. तो आपोआप मरेल. जबरदस्तीनंच बंद करायचं.

आता त्यांनी 'मरेल' हा शब्द सहज वापरला. त्यांच्या ऑफिसात रोज वापरत असतील. पण मी तो कानांत घेऊन लिंबाखाली गेलो, डालगं बाजूला केलं, बटणावर अंगठा ठेवला, आणि नेमक्या बनुबाई भाकरी घेऊन आल्या. दिपाली दवाखान्यात गेल्यापासून त्यांनी आमच्या देवापाशी समई लावून ठेवली आहे, पोरगी मोकळी होईपर्यंत तेल घालत राहायचं. मी काय करतोय ते त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्या एवढ्या जोरात ओरडल्या की कोंबड्या लिंबावर गेल्या. "अवो भावजी, पोर आडलीय आन तुमी आपल्या हातानं घरातला दिवा घालवताय? काय येडं लागलं काय?" मी म्हटलं, बनुबाई, हा दिवा नव्हे, हे ऑफिसचं मशीन आहे. त्या म्हणाल्या, "लागलाय ना? मग दिवाच हाय. पोरीचाच हाय. तिनंच लावून ठिवला न्हाई का?"

आक्का, मी अडाणी नाही. पेंडीचा हिशेब मी मोबाईलवर ठेवतो. लॅपटॉपच्या बारक्या दिव्याचा आणि माझ्या पोरीच्या जिवाचा काही संबंध नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. आपल्या आईनं आपल्याला काय शिकवलं? दिवा विझवला म्हणायचं नाही, शांत केला म्हणायचं. आणि घरात कुणी आजारी असलं की तेही करायचं नाही. एवढं सगळं मला ठाऊक आहे आणि ते सगळं खोटं आहे हेही ठाऊक आहे. पण माझा अंगठा खाली जाईना. मी पुन्हा ठेवला. पुन्हा गेला नाही. भीती वाटते, आक्का. सरळ सांगतो, मनकर्णेच्या वेळी वाटली होती तशी भीती वाटते. मी अंगठा काढून घेतला आणि डालगं घातलं.

आज सकाळी मी लॅपटॉप घरात आणून देवापाशी, समईच्या शेजारी ठेवला (तेलापासून लांब). मग दुपारी फोन आला, विहीणबाईंचा. "व्याही, आत न्हेत्यात तिला. तुमी घाबरू नगा. देवाचं नाव घ्या." मी देवाचं नाव घ्यायला देवापाशी गेलो आणि बघतो तर लॅपटॉपचा पांढरा दिवा तांबूस झालेला आणि लुकलुकतोय. लागतोय, जातोय. लागतोय, जातोय. वायर काढून ठेवली होती ना मी काल, त्या कानिफनाथाच्या नादानं. बॅटरी संपत आली होती.

मी वायर खोचली. काही नाही. पंख्याचं बटण दाबलं. पंखा नाही. लाईट गेली होती, बाजाराच्या दिवशी हमखास जाते तशी. आमच्याकडं इन्व्हर्टर नाही. आक्का, दोन दिवस ज्याला बंद करण्यासाठी मी जिवाचं रान केलं, तो आता बंद होणार म्हणून मी त्याला वायरीसकट टॉवेलात गुंडाळून उराशी धरला आणि पळत सुटलो. अनवाणी. बाजार ऐन भरात होता. बैलांच्या रांगेतून, म्हशींच्या शेपट्या तोंडावर घेत, दलालांच्या गर्दीतून. ओळखीच्या लोकांना वाटलं वासरू मेलं. एकानं विचारलं, काय पळवून आणलंय? मी टॉवेल जरासा उघडून दिवा लुकलुकतोय ना बघत होतो आणि पळत होतो. दूध केंद्रात इन्व्हर्टर आहे हे माझ्या पायांनाच आठवलं असावं. आप्पासाहेबांना न विचारता मी फॅट मशीनची पिन उपसली. वायर खोचली. दिवा लुकलुकायचा थांबला. पांढरा झाला. मग मी तिथंच किटल्यांच्यामध्ये खाली बसलो आणि माझ्या तोंडून एवढंच निघालं, आप्पासाहेब, पोरीला आत नेलंय. त्यांनी पाण्याचा तांब्या आणून दिला आणि लिहायला हा वहीचा कागद दिला. दूध घालणारे लोक आता यायला लागतील आणि त्यांना फॅटचं मशीन लागेल. तोपर्यंत हा दिवा राहील. त्यानंतरचं मला सुचत नाही.

तेव्हा आक्का, हकिकत ही अशी. तू काळजी करू नकोस. घरातल्या सगळ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि शेळीला वेळेवर पेंड घालायला सांग. सांभाळून राहा. तुझ्या आशीर्वादाची आज जरा जास्त गरज आहे, एवढंच.

तुझाच,
आसाराम

ता. क. भिमाजी अजून गेलेला नाही. गाय टेम्पोत चढत नाही. पुढून ओढतायत, मागून रेटतायत, ती पाय रोवून उभी आहे. नगरहून काही कळलं नाही. फोन मी टेबलावर लॅपटॉपशेजारी ठेवलाय. एकदा वाजला, तो कुठल्या तरी योजनेच्या जाहिरातीचा होता. त्या बाईला मी काय बोललो ते ज्ञानेश्वरीनं वाचण्यासारखं नाही.

ता. क. दुसरा. दूध घालणारे लोक आले आहेत. रांग दारापर्यंत लागली आहे. आप्पासाहेबांनी सगळ्यांना सांगितलं, जरा दम धरा, आसारामची लेक आत आहे. किटल्या खाली ठेवून सगळे माझ्यासारखेच त्या दिव्याकडं बघत बसलेत. फोन नाही. घाईत लिहितोय, अक्षर समजून घे.

ता. क. तिसरा. आला. भागवतराव रडत होते, आक्का, आणि जावई रडायला लागल्यावर माझं काय झालं असेल. मला काहीच कळेना. मी नुसता 'दिपाली? दिपाली?' करत होतो. मग विहीणबाईंनी फोन हिसकावून घेतला. मुलगी झाली. दिपाली सुखरूप आहे. मी पुन्हा विचारलं. सुखरूप आहे. मी तिसऱ्यांदा विचारल्यावर त्यांनी फोन तिच्याच कानाला लावला. तिचा आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा होता. पहिलं काय विचारलं असेल तिनं? "नाना, लॅपटॉप बंद झाला का?" मी म्हटलं, नाही गं पोरी, दोन दिवस झगडतोय, होत नाही. तर ती हसली. टाके असताना हसली, आणि विहीणबाई तिला रागावलेल्या मला ऐकू आल्या. म्हणाली, "न्हाईच हुत. चार-सहा महिनं झालं, तो तसाच करतो. ऑफिसला ठाव हाय. तुमचे हात लई थरथरत हुते, म्हनून म्हनलं तुमाला कायतरी काम द्यावं." मी फोन ठेवला. सगळ्या रांगेला सांगितलं, मुलगी झाली. लोक उठले, आप्पासाहेबांनी पिन मागितली. मी वायर काढली, बटणावर अंगठा ठेवला आणि दाबून धरला. दिवा गेला. काही वाटलं नाही. खोटं कशाला बोलू, जरा वाटलं.

ता. क. चौथा, आणि हेच काय ते महत्त्वाचं. गाय चढली आहे, भिमाजी हॉर्न वाजवतोय. आक्का, विहीणबाईंनी आत्ता पुन्हा फोन करून विचारलं की दवाखान्यातून पोरीला घोडेगावला आणायची की थेट मिरजगावला नेऊ. हेका धरून माहेर माहेर म्हणालो खरा, पण बाळाला धरतात कसं तेही मला येत नाही. मनकर्णा असती तर एक शब्द काढायची वेळ आली नसती. तुला आता वाकता येत नाही हे मला माहीत आहे. तू वाकू नकोस. बाजेशेजारी खुर्ची टाकतो, तिच्यात बसून मला शिव्या दे, पाणी मी तापवीन, शेगडी मी पेटवीन, बाळाला तू म्हणशील तसं धरीन. पोर माहेरी यावी एवढंच. भिमाजी उद्या सकाळी पुन्हा बाजारच्या कामानं इकडं येणार आहे, त्याच्या शेजारची सीट मी त्याला तुझ्यासाठी रिकामी ठेवायला सांगितली आहे. नाही म्हणू नकोस, आक्का. आणि म्हणायचं असलं तरी आता उपयोग नाही. तू पुणतांब्याहून निघालीस, वाटेत आहेस, असं मी विहीणबाईंना सांगून बसलोय.